किडनी ट्रान्सप्लांटनंतर एवढी काळजी घेऊनही व्हायरसच्या तपासण्या कशाला?

तुमच्या भावाच्या ट्रान्सप्लांटला तीन महिने झालेत, घरात सगळे मास्क लावतात, पाहुणे बंद केलेत, तरी डॉक्टर सीएमव्ही आणि बीके व्हायरसच्या महागड्या तपासण्या परत परत का लिहून देतात, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचाच. आईची किडनी घेऊन मला सात वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण हे सगळं स्वतः भोगलेलं आहे.

मास्क लावाच. पण हे दोन व्हायरस बहुतेक वेळा दारातून येत नाहीत, ते आधीच आत असतात. आपल्याकडे बहुतेकांना सीएमव्ही लहानपणीच होऊन जातो आणि पुढे जन्मभर अंगात झोपून राहतो. बीकेही तसाच, त्याचा मुक्काम किडनीत आणि मूत्रमार्गात. कधी तो दात्याच्या किडनीबरोबरच येतो. एरवी प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. पण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड या गोळ्या तीच शक्ती मुद्दाम कमी करतात, नाहीतर शरीर नवी किडनी परकी समजून नाकारेल.

मला सातव्या महिन्यात बीके निघाला. ताप नाही, दुखणं नाही, लघवी व्यवस्थित, रोज रंकाळ्याला फेरी चालू. क्रिएटिनिन (किडनी किती नीट चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) तेवढं 1.2 वरून 1.5 झालं होतं. रक्ताचा पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते मोजणारी तपासणी, केला तेव्हा कळलं. बीकेला मारणारं खात्रीचं औषध अजून नाही. डॉक्टरांनी मायकोफेनोलेटचा डोस निम्मा केला आणि दर दोन आठवड्यांनी पीसीआर सांगितला. चार महिन्यांनी व्हायरस दिसेनासा झाला. तो काळ फार वाईट गेला, कारण डोस कमी केला की किडनी नाकारली जाण्याची भीती आणि नाही केला तर व्हायरस किडनी खाणार. घरचे म्हणाले, मग गोळ्याच बंद कर थोडे दिवस. असं चुकूनही करू देऊ नका. किती कमी करायचं ते रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतात. आणि उशीर झाला तर किडनीत जे व्रण पडतात ते भरून येत नाहीत. म्हणून पैसे वाचवायला ही तपासणी पुढे ढकलू नका, हात जोडून सांगतो.

सीएमव्हीचं जरा बरं आहे, त्याला औषध आहे. तो जागा होऊ नये म्हणून व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी साधारण तीन ते सहा महिने देतात. त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, चुकवायची नाही. खरी नजर ठेवायची ती गोळी बंद झाल्यानंतर, कारण तेव्हा तो डोकं वर काढू शकतो. ताप, गळून गेल्यासारखं वाटणं, न थांबणारे जुलाब, यातलं काही दिसलं तर गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक किंवा पेनकिलर न घेता थेट ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. काही अँटिबायोटिक्सनी टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढते.

घरात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा. गंगावेशीतलं धारोष्ण दूध बंद, ते मात्र व्हायरसमुळे नाही, कच्च्या दुधातल्या बॅक्टेरियामुळे.

भावाच्या फाइलमध्ये त्याचा आणि दात्याचा सीएमव्ही आयजीजीचा (सीएमव्ही आधी होऊन गेलाय का ते सांगणारा) रिपोर्ट असेल. तो पुढच्या भेटीला वर काढून ठेवा आणि गोळी नेमकी किती महिने घ्यायची ते त्यावरून विचारून घ्या.