रोज वाईट बातम्या येत असताना ख्रिस्ती मंडळीत आशा आणि आनंद खरंच मिळतो, की ते फक्त मन रमवणं आहे?

"मन रमवणं" वाचलं अन् लिहायला बसलो. नागपुरातल्या आमच्या मंडळीच्या मिटिंगमध्ये, २०२३ साली, सगळ्यांसमोर हाच शब्द माझ्या जिजाजींनी मला ऐकवला होता.

मे महिन्यात मणिपूर पेटलं. जळालेल्या चर्चचे व्हिडिओ फोनवर येतच होते, पावसाळा सरला तरी. मी त्या वर्षी सेक्रेटरी. हार्वेस्टच्या सणाची, म्हणजे लोक देवाला आणतात त्या धान्य-फळांचा मंडळीत लिलाव होतो त्याची, यादी वाचत होतो, तर जिजाजी उठले. "या वर्षी लिलाव नको. तिकडे लोकांची घरं गेली अन् तुम्ही इकडे भोपळ्यावर बोली लावणार? शोभतं का?" अर्धी कमिटी त्यांच्याकडून. पाळकसाहेब गप्प. मी म्हणालो, लिलाव होईल, पैसा सगळा तिकडच्या लोकांसाठी जाईल. जिजाजी म्हणाले, पैसा तसाही पाठवता येतो, हसायची काय गरज आहे? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हट्ट होता, तो चालवला.

उपासना झाली, मंडपात टेबलं लागली. संत्री, केळीचा घड, कुणाच्या आईचं लिंबाचं लोणचं. पाय बांधलेला एक कोंबडा खुर्चीखाली होता, तो नेमका उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आरवला. आमच्याकडे एक आजी येतात, एकट्याच राहतात. त्यांनी स्टीलच्या वाटीत गहू भरून त्यात तीन अंडी रोवून आणली होती. बोली तीस रुपयांपासून. घेणारा म्हणाला, मंडळीला परत. पुन्हा बोली, पुन्हा परत. चौथ्या फेरीत दोन सख्खे भाऊ एकमेकांवर चढायला लागले, प्लॉटवरून दोन वर्षं बोलणं बंद असलेले. "एक हजार!" "अबे, अकराशे!" मंडप हसून बेजार. त्या दोघांचं दोन वर्षांतलं पहिलं बोलणं ते हेच. शेवटी धाकट्यानं वाटी घेतली अन् आजींनाच द्यायला गेला, तर आजी भडकल्या. "देवाला दिलेलं मी परत घेऊ? भिकारी समजलास का रे?" तो पोरासारखा मान खाली घालून उभा. मग आजींनी मणिपूरसाठी प्रार्थना केली, वाटीवर हात ठेवून. लांबलचक, अडखळत. तेवढी शांतता मी आमच्या चर्चमध्ये कधी पाहिली नाही.

तर मन रमवणं असेल तर असो बाप्पा. घरी सोफ्यावर बसून बातम्या बघणारा जास्त दुःखी दिसतो, पण त्याच्या दुःखानं कुणाच्या घरात पीठ येत नाही. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर दोन नन्सना अटक झाली. दुर्ग म्हणजे आपल्याच रेल्वेलाइनवर. जामीन मिळेपर्यंत आठवडा उलटला. ते दिवस मी फोन घेऊन घरी काढले असते तर वेडा झालो असतो. महाराष्ट्रात आपण एक टक्काही नाही, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. एवढ्या थोड्या लोकांनी घरोघरी एकेकटं बसून घाबरायचं काहून? मोबाइलवरची उपासना आजाऱ्यासाठी ठीक. तुम्हाला पाय आहेत ना, मग जा. लवकर जाऊन सतरंज्या अंथरा.

आता हेही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. मंडळीत राजकारण असतं, जमिनींचे खटले असतात. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्यांना एक व्हायला चाळीस वर्षं बोलणी करावी लागली, तेव्हा कुठे २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. अन् बातम्यांनी झोपच उडाली असेल तर डॉक्टरकडे जा. "विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आशेबद्दल विचारलंत, त्याचं शास्त्रातलं उत्तर पाळक देतील, मला एवढंच येतं.

जिजाजी त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. गेटजवळ हाताची घडी घालून उभे होते. पण कोंबडा त्यांनीच घेतला, साडेसातशेला. अजून त्यांच्या अंगणात आहे, कापला नाही. विचारलं की म्हणतात, ती बोली नव्हती, देणगी होती.