वाचकांचे प्रश्न : यूपीएस असूनही संगणक बंद पडतो

प्रश्न : माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावर संगणक, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर चालतात. वीज गेली की दोन-तीन सेकंदांत सगळं बंद. नवा यूपीएस घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. आधी लेझर प्रिंटर काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. त्यातला हीटर तापताना कित्येकशे वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे; खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

मग चाचणी घ्या. काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका, अर्थिंग जोडलेलं राहू द्या. तरीही लगेच बंद पडला, तर बॅटरी संपली असं समजा. तीन वर्षं हे तिचं वयच, उष्ण खोलीत तर त्याआधीही जाते. आत साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते, पण जुनीवरचा आकडा वाचूनच नवी आणा. बदलताना यूपीएस बंद करून प्लग काढा, लाल तार धन टोकालाच जोडा आणि पान्याने दोन्ही टोकं एकदम जोडली जाणार नाहीत हे पाहा. बॅटरी फुगून अडकली असेल तर ओढाताण न करता दुरुस्तीवाल्याकडे द्या.

नवी बॅटरी रात्रभर चार्ज करा. दीडशे वॅटच्या भाराला दहा-पंधरा मिनिटं मिळतील, तेवढ्यात संगणक नीट बंद करायचा.