मोझेक ॲक्सोलॉटलसाठी क्रेडिट कार्ड वापरावं का?

नमस्कार,

तुमच्या पत्राचा सारांश असा: घरात एक ल्यूसिस्टिक ॲक्सोलॉटल (मूळचा मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा, सरड्यासारख्या बांध्याचा उभयचर प्राणी) आहे, पांढरा, काळ्या डोळ्यांचा. आता एका विक्रेत्याकडून मोझेक (अंगावर दोन रंगांचा) नर आणि कॉपर (तांबूस रंगाची) मादी अशी जोडी घ्यायची आहे. दोन्ही जेमतेम आठ सेंटिमीटरची पिल्लं. दोघांची मिळून किंमत तुमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. निम्मे पैसे बोनसमधून देणार, उरलेले क्रेडिट कार्डवर बारा हप्त्यांत फेडणार आणि ते हप्ते पिल्लं विकून निघतील असा तुमचा हिशोब आहे.

कर्ज काढून ही जोडी घेऊ नका. हौस चुकीची आहे असं मी म्हणत नाही, आकडेमोड चुकीची आहे.

मोझेक का महाग, ते आधी बघू. गर्भ वाढत असताना पेशींमध्ये काही गडबड होते आणि एकाच अंगावर दोन रंगांचे ठिपके-पट्टे उमटतात. हा अपघात आहे, तो पिल्लांत उतरत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही साध्या ल्यूसिस्टिकच्या कितीतरी पट पैसे मोजताय, नेमका तोच गुण पुढच्या पिढीला मिळणार नाही. कायमेराचंही, म्हणजे दोन गर्भ एकत्र येऊन बनलेल्या दुरंगी प्राण्याचंही, तसंच.

कॉपरचा रंग वारशाने येतो, पण त्यासाठी आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळावं लागतं. तुमच्या मोझेककडे ते नसेल, तर झाडून सगळी पिल्लं कॉपर जनुक पोटात लपवलेली, दिसायला मात्र साधी निघतील. कॉपर हवी असतील तर त्या भावंडांचीच आपसांत जोडी लावायची, तेव्हा कुठे सरासरी चारात एक. शिवाय जवळच्या नात्यातली पैदास, तिचे तोटे वेगळेच.

आता समजा, जोडी कॉपर-कॉपरच घेतली. सगळी पिल्लं कॉपर. पण एक मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, कधी हजाराच्या घरात. तुमच्यासारखेच आणखी चारजण हेच करत असतात, मग भाव टिकणार कसा? आज स्वस्तात मिळणाऱ्या ल्यूसिस्टिकचंच उदाहरण घ्या. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला पोचलेल्या ३४ प्राण्यांमध्ये एक पांढरा नर होता, तिथून ही रेघ सुरू झाली. अल्बिनोचं जनुक तर १९६०च्या दशकात टायगर सॅलमँडर या ॲक्सोलॉटलच्या जवळच्या नातलगाशी संकर करून आणलेलं. तेव्हा हे दोन्ही दुर्मीळच होते.

वेळेचंही गणित बघा. आठ सेंटिमीटरचं पिल्लू वयात यायला साधारण वर्ष लागतं आणि मादीला दीड वर्षाची होण्याआधी पैदाशीला लावू नये. म्हणजे तुमचा बारावा हप्ता जाईल तेव्हा पहिलं अंडंही पडलेलं नसेल. शिवाय या आकाराच्या पिल्लाचा नर-मादी भेद बाहेरून कळतच नाही. विक्रेता छातीठोकपणे ‘जोडी’ म्हणून विकतोय, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

आणि पिल्लं वाढवणं म्हणजे रोजची हमाली. पहिले काही आठवडे त्यांना हलतं, जिवंत खाणंच लागतं, म्हणजे दररोज ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची) अंडी उबवायची. पुढे ती एकमेकांचे पाय कुरतडतात. पाय पुन्हा उगवतात हे खरं, पण तीन पायांचं पिल्लू तोवर कोण विकत घेणार? वेगवेगळे डबे, रोज पाणी बदलणं... या वेळेची किंमत तुमच्या हिशोबात शून्य धरली आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाकून भागवता. माझ्या मते खरा खर्च इथे आहे. या प्राण्याला १६ ते १८ अंश पाणी मानवतं, २४च्या वर फार काळ राहिलं तर आजारपण ठरलेलं. बाटल्यांनी तापमान वर-खाली होत राहतं, तोही ताणच. बोनसमधून आधी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घ्या. महाग वाटेल, पण घरात आहे तो ॲक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षं जगू शकतो आणि वीज, खाणं, फिल्टर यांचा खर्च रंग बघून कमी-जास्त होत नाही.

चिलर घेऊन, आपत्कालीन निधीला हात न लावता काही उरलं, तर एक कॉपर घ्या. एकच, आणि शक्यतो वाढलेला, म्हणजे रंग पक्का झालेला असेल. दिवसाच्या उजेडात वरून काढलेला फोटो आणि आईबापांचे फोटो मागा, निळ्या दिव्याखालचे नकोत. परक्या देशातून मागवत असाल तर ॲक्सोलॉटल साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये येतो, परवान्याची कागदपत्रं आधी हातात घ्या. काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात, तो पाळायलाच बंदी आहे.

मोझेक फारच मनात भरला असेल, तर दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका आणि रोखीने घ्या. ते पैसे मात्र सहलीवर खर्च केल्यासारखे धरा, परत येतील असं वहीत कुठेही लिहू नका.