यंत्र त्यांच्या छातीत, धडधड आपल्याला
वहिनी, भाऊजींना आयसीडी (हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र) बसवून आठवडाच झालाय, म्हणजे रात्री उठून त्यांचा श्वास बघत असाल. मीही बघायचे. आमच्या ह्यांना पहिला शॉक बसला तो सारसबागेत, तळ्यातल्या गणपतीसमोर. हात माझ्या हातात होता. मला काही झालं नाही, फार तर झिणझिण्या येतात. पण नंतर महिनाभर हे पेठेबाहेर पडेनात. शॉकपेक्षा ती भीती वाईट. समुपदेशकाकडे नेलं (आधी भांडण झालं, अर्थात), तेव्हा हळूहळू सुटले.

एक शॉक बसून बरं वाटत असेल तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन बसले किंवा शुद्ध हरपली तर थेट १०८. फ्रिजवर लिहून चिकटवा. मोबाइल शर्टाच्या खिशात नको, यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब.

आणि रविवारी त्यांना मुलावर सोपवून तुम्ही एकट्या तळजाई टेकडीवर जा.