कोएन्जीचा आवा ओदोरी: लेकराबाळांसह पहिल्यांदा जाताय?

जरूर जा. टोकियोतल्या कोएन्जी भागात रस्त्यावर पथकांचा नाच होतो, तो हा उत्सव. ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या एका शनिवार-रविवारी असतो, तिकीट लागत नाही. संध्याकाळी पाचला नाच सुरू होतो, पण तुम्ही साडेतीनलाच पोहोचा. पाचला आलेल्यांच्या पोरांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

निशी-कासाईहून येत असाल तर तोझाई मेट्रो लाइनची मिताकाला जाणारी गाडी थेट कोएन्जीला थांबते. परतीला मात्र त्या स्टेशनच्या नादी लागू नका, सरळ शिन-कोएन्जी या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- बाबागाडी आणतात. त्या गर्दीत ती हलत नाही. बाळाला पोटाशी बांधा.
- खिशात फक्त कार्ड. बऱ्याच स्टॉलवर सुटे येनच कामाला येतात.
- शाकाहारी असून याकिसोबा (परतलेल्या नूडल्स) घेतात. त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, ताकोयाकीत (पिठाचे गोल गोळे) ऑक्टोपस. भाजलेलं कणीस आणि काकिगोरी (सरबत घातलेला बर्फाचा चुरा) बिनधास्त खा. पोटभर डबा घरूनच आणा.
- युकाता (उन्हाळी सुती किमोनो) उलटी नेसतात. डावी बाजू वर हवी. उजवी वर फक्त मृताला नेसवताना असते, म्हणून आज्या हळूच येऊन नीट करून देतात!

ढोल अगदी जवळून वाजतात, छातीत धडधडतं. तान्ह्याला दोन रांगा मागे ठेवा. थोरल्याला पुढे बसवा आणि टाचा उचलून, लाकडी गेताच्या (खडावांसारख्या चपलांच्या) टोकांवर नाचणाऱ्या बायकांचे पाय बघायला सांगा.

कुठलं पथक कुठे चांगलं दिसतं, ते पुढच्या वर्षी. यंदा पाणी भरपूर घ्या, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी.