पाळी गेल्यानंतरचे वजन आणि स्तनाचा कर्करोग

प्रश्न : माझे वय 58 असून पाळी थांबल्यापासून माझे वजन 11 किलोंनी वाढले आहे. माझ्या बहिणीच्या स्तनाच्या गाठीच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिले होते. याचा वजनाशी काही संबंध असतो का?

उत्तर : संबंध असतो. पाळी थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) जवळजवळ मिळेनासे होते. मात्र चरबीच्या पेशींतील अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडून आलेल्या अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करीत राहते, आणि चरबी जितकी अधिक तितके हे इस्ट्रोजेनही अधिक. म्हणूनच स्थूलतेशी जोडलेली जोखीम या वयात मुख्यतः इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या, म्हणजे ईआर पॉझिटिव्ह, गाठींची असते. (स्तनाच्या कर्करोगावरील लेट्रोझोलसारखी औषधे याच विकराला रोखतात.) पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत मात्र वजन आणि हा कर्करोग यांचे नाते असे सरळ दिसत नाही.

तरीही बहिणीच्या आजाराचे खापर तिच्या वजनावर फोडू नये. सडपातळ स्त्रियांनाही हा आजार होतो. बहिणीला तो झालेला असल्याने आपण मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) कधी आणि किती वर्षांनी करावी, हे तज्ज्ञांना आवर्जून विचारावे. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) 23 च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात, हेही लक्षात असू द्यावे.