गाडीसाठी पर्सनल लोन मंजूर झालंय, पण रक्कम बदलायचीय: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात गाडीच्या कर्जाबद्दल बरीच पत्रं आली, दसरा-दिवाळी जवळ आली की येतातच. यावेळी बहुतेकांची अडचण एकच निघाली: कर्ज मंजूर झालं पण रक्कम चुकली, कुणाला कमी हवीय, कुणाला जास्त. त्यातले चार प्रश्न घेतलेत. पहिल्यावर जरा जास्त लिहिलंय कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात.

प्रश्न (नाशिक): ताई नमस्कार. मी खासगी कंपनीत नोकरी करते. पगार ज्या बँकेत होतो तिथूनच गाडीसाठी पर्सनल लोन टाकलं, पाच लाख मंजूर झालेत, १२ टक्के, पाच वर्षं. दोन दिवसांत खात्यात येतील म्हणतात. आता सासऱ्यांनी दीड लाख देऊ केलेत, म्हणजे मला साडेतीनच पुरतील. बँकेत विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम आता रक्कम बदलत नाही, पाच घ्या आणि दीड नंतर भरून टाका, काही फरक पडत नाही. खरंच पडत नाही का?

उत्तर: फरक पडतो, चांगलाच पडतो. आणि आधी एक काम करा, हे वाचून झालं की लगेच बँकेला ईमेल टाका की मला पाच नाही, साडेतीनच लाख हवेत, त्याप्रमाणे नवीन सँक्शन लेटर द्या आणि तोपर्यंत पैसे जमा करू नका. तोंडी सांगू नका, फोनवरचं कुणी लिहून ठेवत नाही.

पाच लाख मंजूर म्हणजे बँक तुम्हाला तिथपर्यंत द्यायला तयार आहे एवढाच त्याचा अर्थ, सगळे उचलायची सक्ती कुणी करू शकत नाही. पैसे खात्यात पडेपर्यंत कमी मागायचा मार्ग मोकळा असतो. बँकेला कागद नव्याने काढावे लागतात, म्हणून कंटाळा करतात. मी स्वतः २२ वर्षं शाखेत कर्जाच्या टेबलावर होते, तिथे टार्गेट किती कर्ज वाटलं यावर असतं, त्यामुळे कमी करा म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. त्या मुलावर रागावू नका पण त्याचं ऐकूही नका.

आता आकडे बघा. पाच लाख, १२ टक्के, ६० महिने, हप्ता येतो ११,१२२ आणि एकूण व्याज जातं साधारण १ लाख ६७ हजार. साडेतीन लाख घेतले तर हप्ता ७,७८६ आणि व्याज १ लाख १७ हजार, म्हणजे इथेच ५० हजार वाचले. आणि तुम्हाला जर ११ हजारांचा हप्ता झेपतच असेल (झेपत होता म्हणूनच पाच मागितले ना) तर साडेतीन लाखांवर तोच हप्ता ठेवून मुदत कमी करून मागा, कर्ज ३८ महिन्यांत संपतं आणि व्याज ७३ हजारांच्या आत राहतं. पाच वर्षांच्या जागी तीन वर्षं दोन महिने. हे मी प्रत्येकाला सांगते आणि फार कमी जण करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

"नंतर भरून टाका" हे बोलायला सोपं आहे. पर्सनल लोन बहुतेक वेळा फिक्स्ड रेटचं असतं, त्यात बऱ्याच बँका पहिले काही हप्ते, कुठे कुठे पूर्ण वर्षभर, मधेच रक्कम भरूच देत नाहीत, आणि भरू दिली तर वर चार्ज लावतात. समजा ४ टक्के असेल तर दीड लाखावर सहा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ७,०८०. शिवाय भरेपर्यंत दर महिन्याला त्या दीड लाखावर दीड हजार व्याज चालूच, सेव्हिंग खात्यात पडून त्याचे मिळणार महिन्याला तीन-साडेतीनशे. प्रोसेसिंग फीसुद्धा रकमेवर असते, २ टक्के धरले तर पाच लाखावर जीएसटी धरून ११,८०० आणि साडेतीन लाखावर ८,२६०.

अजून एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना बँकेने की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यायलाच हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यात खरा वार्षिक दर, सगळ्या फिया, मुदतीआधी भरायचा चार्ज, सगळं एका जागी असतं. आणि ते हातात आल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत, तेवढ्यात बँकेला अटी बदलता येत नाहीत. त्यामुळे "आजच सही करा नाहीतर ऑफर जाईल" याला घाबरू नका. रक्कम बदलली की हे स्टेटमेंटही नवीन मागा, जुन्यावर खाडाखोड करून चालवून घेऊ नका. नवीन कागदात विम्याचा प्रीमियम गुपचूप मिळवलाय का तेही बघा, साडेतीन मागितले आणि कर्ज तीन लाख साठ हजारांचं निघालं असे कागद मी पाहिलेत.

आणि हातासरशी कार लोनचा दरही विचारून घ्या. त्यात गाडी तारण असते म्हणून व्याज कमी असतं, पर्सनल लोन १२ टक्क्यांना मिळणाऱ्या माणसाला कार लोन ९ च्या आसपास मिळू शकतं. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढतो, फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन उतरवावा लागतो, एवढीच दगदग.

प्रश्न (सांगली): चार लाख मंजूर झालेत. गाडी शोरूम किमतीला सात लाख, तीन लाख माझे होते म्हणून हिशोब बसवला होता. आता डीलरने कोटेशन दिलं तर ते आठ लाखांच्या वर जातंय. कर्ज वाढवून मिळेल का?

उत्तर: मिळू शकतं, पण बँक तुमची पूर्ण फाइल परत बघणार. कमी करणं सोपं असतं, वाढवणं म्हणजे जवळजवळ नवीन अर्जच. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४०-५० टक्क्यांच्या पुढे जायला लागले की नाही म्हणतात. रागाच्या भरात अजून तीन बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या रिपोर्टात नोंदली जाते आणि स्कोअर खाली येऊ शकतो.

त्याआधी कोटेशन घेऊन बसा, ओळ न् ओळ वाचा. रोड टॅक्स कमी होणार नाही, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे, म्हणजे तुमच्या गाडीला ७७ हजारांच्या आसपास. विमा लागणारच, थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण तो डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही, बाहेरचे दोन कोट मागवा, बऱ्याचदा काही हजारांचा फरक निघतो. एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, मॅट यातलं काहीही आज घ्यायलाच पाहिजे असं नाही. आणि हँडलिंग चार्ज नावाची ओळ असेल तर ती काढायला लावा, कशाचे पैसे आहेत ते लेखी मागितलं की बहुतेक वेळा निघते. कोटेशन कधीचं आहे तेही बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला, तेव्हा कुणी जुनी प्राइस लिस्ट पुढे केली तर तिथेच थांबवा.

एवढं करून ५०-६० हजार कमी पडत असतील तर मी तुमच्या जागी खालचं व्हेरिएंट घेईन किंवा दोन-तीन महिने थांबेन. डाउन पेमेंटसाठी वेगळं पर्सनल लोन आणि वरून कार लोन असं दोन्ही काढणारी मंडळी मी पाहिलीत, पहिल्या वर्षी घरात एक आजारपण आलं की दोन्ही हप्ते डोईजड होतात, तेवढं मात्र करू नका.

प्रश्न (ठाणे): बँकेच्या ॲपवरून साडेचार लाख घेतले, १४ टक्के, चार दिवस झाले पैसे खात्यात आहेत. आता डीलर म्हणतो गाडीला तीन महिने वेटिंग. रक्कम परत करून नंतर कमी घेता येईल का?

उत्तर: पैसे आलेत म्हणजे आता रक्कम "बदलणं" हा प्रकार संपला, आता फक्त परत करणं उरलं. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला कूलिंग ऑफ मुदत असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न देता बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी ठेवून घेतील. नियमाने ही मुदत किमान एक दिवस आहे, काही बँका जास्त देतात, तुमची किती ते की फॅक्ट्स स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं असतं. आजच उघडून बघा, कदाचित अजून वेळ असेल.

मुदत गेली असेल तर घाईने बंद करू नका, आधी आकडा मांडा. साडेचार लाखावर १४ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज पावणेसोळा हजारांच्या आसपास जाईल. बंद करायचा चार्ज ४ टक्के असेल तर जीएसटी धरून २१,२४० होतात, वर तीन महिन्यांनी परत कर्ज काढताना पुन्हा प्रोसेसिंग फी. अशा वेळी कर्ज ठेवून पैसे तीन महिन्यांच्या एफडीत टाकलेले परवडतात, निदान थोडं व्याज तरी वळतं होतं. चार्ज २ टक्के असेल तर १०,६२० होतात आणि गणित उलटं फिरू शकतं. म्हणून बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज आत्ता बंद करायचं तर एकूण किती भरावे लागतील त्याचा कागद) मागवा, त्यात बरोबर आकडा येतो. आणि व्याज कुठल्या तारखेपासून लावलंय ते तपासा, पैसे खात्यात आले त्या दिवसापासून लागायला हवं, मंजुरीच्या किंवा सही केल्याच्या तारखेपासून नाही, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँकांना हे स्पष्ट सांगितलंय. चुकीचं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत, १४४४८ वर फोन केला तर मराठीतही माहिती मिळते.

प्रश्न (चिपळूण): मी शाळेत शिक्षक आहे. शेजाऱ्यांची जुनी गाडी घेण्यासाठी आमच्या पतसंस्थेतून तीन लाख काढतोय, दोन सहकारी जामीनदार आहेत. शेजारी आता साडेतीन मागतायत. अर्जावर तीनचे साडेतीन करून घेऊ का? व्याज ७ टक्के फ्लॅट आहे.

उत्तर: सर, जामीनदारांना न विचारता अजिबात करू नका. त्यांनी तीन लाखांवर सही केलीय, वाढीव रकमेसाठी नवीन अर्ज आणि दोघांच्या नव्या सह्या घ्या, आणि सही घेताना आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हप्ता थकला तर त्यांच्या पगारातून कापलं जातं, स्टाफरूममधली मैत्री यावरून तुटलेली मी पाहिलीय.

७ टक्के फ्लॅट म्हणजे स्वस्त वाटतं पण ते पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत चालतं. एक लाखावर पाच वर्षांचे ३५ हजार, म्हणजे हप्ता २,२५०. बँकेच्या घटत्या बाकीच्या पद्धतीने (म्हणजे जेवढं फेडायचं उरलंय तेवढ्यावरच व्याज) तोच हप्ता साडेबारा टक्क्यांना येतो. तेव्हा बँकेचा दर विचारल्याशिवाय सही करू नका. आणि पतसंस्थेबद्दल काही तक्रार झाली तर तो रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथे चालत नाही, पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यावा लागतो.

शेजाऱ्यांना पैसे द्यायच्या आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून जुन्या कर्जाचा बोजा, थकलेली चलनं आणि विमा बघून घ्या. बोजा दिसला तर आधी त्यांना तो उतरवायला सांगा, मग गाडी तुमच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, पन्नास हजार वाढवून द्यायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.